राखणदार गोलंदाज

धाराशिव जिल्ह्यांत बेंबळी नांवाचें गांव आहे. सुगी उरकून रानें मोकळीं झालीं, कीं इतर कोणत्याहि गांवाप्रमाणें तेथेंहि सायंकाळीं मुलें चेंडू व फळी घेऊन बाहेर पडतात. तीन काठ्या रोवल्या कीं यष्टी उभी राहते, आणि दिवस मावळेपर्यंत खेळ चालतो. त्या खेळांत एक क्षण हटकून येतो. समोरच्या पक्षाला जिंकावयास थोड्याच धांवा उरलेल्या असतात. लांबून धांवत येऊन जोरानें चेंडू टाकणारा मुलगा दमून गेलेला असतो. आणि कप्तान झालेला मुलगा चेंडू हातांत धरून आजूबाजूला पाहूं लागतो. शेवटीं ज्याच्याकडे तो चेंडू देतो, तो मुलगा बहुधा अंगानें दांडगा नसतो, कीं त्याचा चेंडू फारसा वळतहि नसतो. त्याचा चेंडू जेथें पडावयाचा तेथेंच पडतो, एवढीच त्याची ख्याति असते. सामना जिंकला तर मुलें फळीवाल्याला खांद्यावर घेतात, आणि हा मुलगा काठ्या उपटून घरीं घेऊन जातो. अशा मुलाचें मोठेपणीं काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत अशा मुलासाठीं एक स्वतंत्र जागाच राखून ठेवलेली आहे. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो. आरंभीं जो चेंडू फेंकावयास उभा राहतो, त्याचा हात पांच-सहा डावांनंतर शिणतो, आणि समोरच्या फळीवाल्यांना त्याच्या चेंडूची संवयहि होऊन जाते. अशा वेळीं त्याला बाजूस करून, मैदानाच्या कडेला हात गरम करीत बसलेल्या दुसऱ्या फेंकणाऱ्यास बोलावितात. त्याला तेथें ‘रिलीफ पिचर’ म्हणतात. मराठींत ‘बदली फेंकणारा’ असें म्हणतां येईल. मात्र ‘बदली’ ह्या शब्दाला जो हलकेपणा चिकटलेला आहे, तो तेथें लागू पडत नाहीं. एकदां बाहेर गेलेल्या फेंकणाऱ्यास त्या सामन्यांत पुन्हां येतां येत नाहीं. म्हणून हा बदल म्हणजे मागचा पूल तोडून पुढें जाण्यासारखा असतो. नव्यानें आलेल्या मनुष्यानें सामना जिंकावयाचा नसतो. दुसऱ्यांनीं जिंकत आणलेला सामना त्यानें राखावयाचा असतो. त्याच्या हातून नऊ वेळां राखण झाली तर ती कोणी लक्षांत ठेवीत नाहीं, आणि दहाव्या वेळीं हात चुकला तर सबंध शहर त्याला नांवें ठेवतें. ह्या राखणीचा अधिकृत हिशेब ठेवण्यास तेथील श्रेष्ठ दर्जाच्या सामन्यांत १९६९ सालीं आरंभ झाला. त्यापूर्वीं अशा माणसाच्या नांवापुढें लिहावयास धड एक रकानाहि नव्हता.

ह्या धंद्यांत सर्वांत मोठें नांव मारियानो रिव्हेरा यांचें. पनामा देशांतील पुएर्तो काइमितो ह्या कोळ्यांच्या गांवांत ते वाढले. वडील मासेमारी करीत. मुलांना चेंडू झेलण्याचे हातमोजे मिळत नसत, म्हणून पुठ्ठ्याचे मोजे करून खेळ चाले. हे रिव्हेरा पुढें न्यूयॉर्कच्या यांकी संघांत १९९५ पासून २०१३ पर्यंत खेळले, आणि त्यांनीं ६५२ सामने राखले. तितके दुसऱ्या कोणींहि राखलेले नाहींत. नवल हें, कीं त्यांच्याजवळ मुख्यतः एकाच प्रकारचा चेंडू होता. अगदीं शेवटच्या क्षणीं थोडासा एका बाजूस सरकणारा तो चेंडू येणार हें समोरच्या फळीवाल्यास आधींच ठाऊक असे, आणि तरीहि त्याला तो मारतां येत नसे. अशा माणसाच्याहि आयुष्यांत २००१ सालची अखेरची लढत आहे. अजिंक्यपदाचा सातवा आणि निर्णायक सामना त्यांच्या हातांत देण्यांत आला, आणि तो त्यांच्या हातून निसटला. तरी पुढें २०१९ सालीं, बेसबॉलच्या मानकऱ्यांत त्यांची निवड झाली, तेव्हां मत देणाऱ्या एकानेंहि विरुद्ध मत दिलें नाहीं. असा मान त्यापूर्वीं कोणासहि मिळाला नव्हता.

बेसबॉल आपल्याकडे फारसा रुजला नाहीं. परंतु राखणीचें काम करणारा मनुष्य कांहीं एकट्या बेसबॉललाच लागतो असें नाहीं. महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्यें हें काम ज्यानें सर्वांत चोख केलें, तो गृहस्थ म्हणजे बापू नाडकर्णी. त्यांचें पूर्ण नांव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. जन्म नाशिक येथें, ४ एप्रिल १९३३ रोजीं. डाव्या हातानें ते फलंदाजी करीत आणि डाव्याच हातानें संथ गोलंदाजीहि करीत. पुणें विद्यापीठाच्या संघाकडून आंतरविद्यापीठ सामन्यांत खेळल्यानंतर ते १९५१-५२ च्या हंगामांत महाराष्ट्राच्या संघांत आले, आणि पुढें मुंबईकडून खेळले.

त्यांच्या गोलंदाजींत पाहणाऱ्याचे डोळे दिपावे असें कांहीं नव्हतें. चेंडूला फारशी उंची नाहीं, मोठें वळण नाहीं, फसवी चाल नाहीं. चार पावलांचा रोख आणि सपाट, नेमका चेंडू. त्यांच्या सरावाची गोष्ट क्रिकेटच्या वर्तुळांत सर्वश्रुत आहे. जाळ्यांत सराव करतांना खेळपट्टीवर योग्य टप्प्याच्या जागीं ते एक नाणें ठेवीत, आणि त्या नाण्यावर चेंडू पाडण्याचा प्रयत्न करीत राहत. पुष्कळ मुलांनीं ही गोष्ट ऐकून नाणें ठेवून पाहिलें असेल. नाण्यावर एकदां चेंडू पाडणें कठीण नाहीं. नशीब असलें तर पहिलाच चेंडू त्यावर पडतो. परंतु पाठ दुखूं लागल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर, दोनशेवा चेंडूहि तेथेंच पाडावयाचा म्हणजे काय, हें ज्यानें करून पाहिलें त्यालाच कळेल.

कसोटी सामन्यांत त्यांचा प्रवेश झाला तोच दुसऱ्याच्या जागीं. डिसेंबर १९५५ मध्यें न्यूझीलंडचा संघ दिल्लीस खेळत होता, आणि विनू मंकड यांना त्या सामन्यापुरती विश्रांति देण्यांत आली होती. मंकड हेहि डाव्या हातानें गोलंदाजी करणारे आणि उत्तम फलंदाज. त्या जागीं नाडकर्णींना घेतलें. त्यांनीं नाबाद ६८ धांवा केल्या, ५७ षटकें टाकलीं, आणि एकहि गडी बाद केला नाहीं. पुढच्या सामन्यांत मंकड परत आले आणि नाडकर्णी बाहेर बसले. ह्यांत अन्याय झाला असें म्हणतां येणार नाहीं. मंकडांसारखा खेळाडू परत आल्यावर बदली आलेल्यानें उठावेंच लागतें. परंतु बाविसाव्या वर्षीं आपल्या देशासाठीं ५७ षटकें टाकून, हातीं कांहीं न लागतां, पुन्हां रांगेच्या शेवटीं जाऊन उभें राहणें सोपें नसतें.

मंकडांचा शेवटचा कसोटी सामना १९५९ च्या फेब्रुवारींत झाला. त्यानंतरच नाडकर्णींना खऱ्या अर्थानें जागा मिळाली. १९६० च्या डिसेंबरांत कानपूर येथें पाकिस्तानविरुद्ध त्यांनीं ३२ षटकें टाकलीं, त्यांतील २४ निर्धाव गेलीं, आणि सर्व मिळून २३ धांवा निघाल्या. गडी मात्र एकहि नाहीं. त्या मालिकेंतील पांचहि सामने अनिर्णित राहिले. त्या काळच्या क्रिकेटवर कंटाळवाणेपणाचा जो आरोप होतो, तो सर्वस्वीं खोटा नाहीं. दोन्हीं बाजूंना हरण्याची भीति जिंकण्याच्या इच्छेहून मोठी होती. त्या भीतीचा नाडकर्णींसारख्या गोलंदाजास उपयोग झाला, आणि त्या भीतीचा दोषहि कांहीं अंशीं त्यांच्याच माथीं बसला.

आतां मद्रासकडे वळावें. जानेवारी १९६४ मध्यें माइक स्मिथ यांचा इंग्लंडचा संघ तेथें पहिला कसोटी सामना खेळत होता. भारतानें ७ गडी बाद ४५७ धांवांवर डाव सोडला होता; बुधि कुंदरन यांनीं १९२ आणि विजय मांजरेकर यांनीं १०८ धांवा केल्या होत्या. तिसऱ्या दिवशीं, म्हणजे १२ जानेवारीला, इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन हे दोघे खेळत असतां कप्तान पतौडी यांनीं नाडकर्णींच्या हातीं चेंडू दिला. पुढें जें झालें तें सांगण्यास सोपें आणि कल्पिण्यास कठीण आहे. षटक झालें, धांव नाहीं. दुसरें झालें, धांव नाहीं. दहा झालीं, पंधरा झालीं, वीस झालीं. चेंडू त्याच जागीं पडे, फलंदाज पुढें येऊन तो फळीनें दाबून धरी, आणि क्षेत्ररक्षक तो उचलून नाडकर्णींकडे परत फेंकी. सलग २१ षटकें निर्धाव गेलीं. चेंडू मोजले तर सलग १३१ चेंडूंवर एकहि धांव निघाली नाहीं. डाव संपला तेव्हां त्यांच्या नांवापुढें आंकडे होते ते असे: षटकें ३२, निर्धाव २७, धांवा ५, गडी शून्य.

चेंडूंच्या हिशेबानें पाहिलें तर दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफील्ड हे नाडकर्णींच्याहि पुढें आहेत. डरबान येथें १९५७ सालीं त्यांनीं इंग्लंडविरुद्ध १३७ चेंडूंवर धांव दिली नव्हती. परंतु तेथें त्या वेळीं षटक आठ चेंडूंचें असे, म्हणून सलग निर्धाव षटकांचा विक्रम नाडकर्णींच्याच नांवावर राहिला.

ह्या विक्रमाचें कौतुक करतांना त्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. इंग्लंडच्या कित्येक खेळाडूंना त्या सामन्यांत पोटाच्या विकारानें पछाडलें होतें. खेळण्यास समर्थ माणसें मोजकीं उरलीं होतीं, आणि मैदानावर असलेल्या दोघांना लवकर बाद होऊन चालण्यासारखें नव्हतें. बोलस यांनीं ८८ धांवा केल्या, बॅरिंग्टन यांनीं ८०. परंतु त्या इतर गोलंदाजांच्या चेंडूंवर, आणि सावकाश. नाडकर्णींचा चेंडू मारण्याचा धोका त्यांनीं पत्करलाच नाहीं. तेव्हां एकवीस षटकांचा हा विक्रम एका हातानें वाजलेली टाळी नव्हे. गोलंदाजानें सैल चेंडू दिला नाहीं, आणि फलंदाजानें मागितलाहि नाहीं. इंग्लंडचा डाव ३१७ धांवांत आटोपला, आणि त्यांतील पांच गडी चंदू बोर्डे यांनीं ८८ धांवांत बाद केले. एका टोकाला धांव मिळत नाहीं म्हणून दुसऱ्या टोकाला हात सैल सोडावा, आणि तेथें बाद व्हावें, असें फलंदाजांचें नेहमींच होतें. बोर्ड्यांच्या पांच गड्यांत नाडकर्णींचा वाटा किती, हें धांवफलकावर लिहिण्याची सोय नाहीं.

धाराशिवकडच्या शेतकऱ्यास ही अडचण समजावून सांगावी लागणार नाहीं. पाऊस थोडा, आणि पडला तर एकदम पडतो. म्हणून शेताला बांध घालावा लागतो. बांधावर पीक येत नाहीं. उलट तो पिकाची जागा अडवतो. चांगल्या बांधामुळें जी माती वाहून गेली नाहीं, ती कोणी पायलीनें मोजून दाखवूं शकत नाहीं. ती फक्त शेतांत असते. नाडकर्णींच्या पांच धांवांचा हिशेब लिहिला गेला. ज्या पन्नास-साठ धांवा त्या दिवशीं निघाल्या नाहींत, त्यांचा कोठें लिहावा?

त्या मद्रासच्या आंकड्यांनीं त्यांना अमर केलें आणि त्यांचें नुकसानहि केलें. लोकांना वाटूं लागलें, कीं ह्या माणसाला चेंडू अडवतां येतो, गडी बाद करतां येत नाहीं. वस्तुतः त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, त्याच मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनीं पहिल्या डावांत ३१ धांवांत ५ आणि दुसऱ्या डावांत ९१ धांवांत ६ असे अकरा गडी बाद केले. तो सामना भारत १३९ धांवांनीं हरला, म्हणून त्या अकरा गड्यांची आठवण फारशी निघत नाहीं. आणि इंग्लंडविरुद्धच्या त्याच मालिकेंत, कानपूरच्या सामन्यांत, भारतावर लागोपाठ दुसरा डाव खेळण्याची पाळी आली असतां, हे गृहस्थ पहिल्या डावांत नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावांत नाबाद १२२ धांवा करून उभे राहिले, आणि सामना वांचला. कसोटींतील त्यांचें तेवढेंच शतक. त्या दोन्हीं डावांत त्यांना कोणी बाद करूं शकलें नाहीं, ही गोष्टहि त्यांच्या स्वभावास धरूनच झाली म्हणावयाची. फलंदाज म्हणून त्यांची योग्यता किती होती, हें मुंबईच्या प्रेक्षकांनीं १९६०-६१ च्या रणजी सामन्यांत पाहिलेंच होतें. दिल्लीविरुद्ध त्यांनीं नाबाद २८३ धांवा केल्या होत्या.

अमेरिकेंतला बदली फेंकणारा आपला हात विकून पोट भरतो, आणि चांगल्या तऱ्हेनें भरतो. नाडकर्णींच्या काळीं भारतांतील क्रिकेटपटूस ती सोय नव्हती. कसोटी सामन्यांचा मोबदला इतका तुटपुंजा असे, कीं नोकरीवांचून गत्यंतर नसे, आणि सकाळीं सराव, दिवसा कचेरी, रविवारीं सामना असा क्रम कित्येक थोर खेळाडूंचा होता. तेव्हां त्यांना धंदेवाईक म्हणणें शब्दशः बरोबर होणार नाहीं. परंतु धंदेवाईक माणसाचा जो मुख्य गुण, म्हणजे मन असो वा नसो, काम आजहि कालच्याइतकेंच चोख करणें, तो त्यांच्या अंगीं पुरेपूर होता.

वय मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. १९६६ च्या अखेरीस कलकत्त्याच्या सामन्यांत बिशनसिंग बेदी नांवाचा एक तरुण भारताच्या संघांत आला. तोहि डाव्या हाताचा, संथ गोलंदाज. पण त्याचा चेंडू हवेंत तरंगे, वळे, फलंदाजाला बोलावून घेऊन फसवी. ज्या जागेसाठीं नाडकर्णी आरंभीं मंकडांच्या मागें थांबले, तीच जागा आतां पुढच्या पिढीला द्यावयाची वेळ आली होती. १९६८ च्या आरंभीं भारतीय संघ न्यूझीलंडला गेला तेव्हां नाडकर्णी पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. तोंपर्यंत परदेशांत भारतानें एकहि कसोटी सामना जिंकला नव्हता. छत्तीस वर्षें संघ बाहेर जात होते आणि हात हलवीत परत येत होते.

डनेडिनचा पहिला सामना भारतानें जिंकला. दुसरा, ख्राइस्टचर्चचा, न्यूझीलंडनें जिंकला. त्यांचे कप्तान ग्रॅहॅम डाउलिंग यांनीं २३९ धांवा केल्या. मालिका बरोबरीस आली. एक विजय लाभला हें खरें, पण पुढचे दोन सामने हातचे गेले तर तो विजय एक अपवाद म्हणून विसरला जाणार, हें सर्वांना कळत होतें. तिसरा सामना वेलिंग्टनला. न्यूझीलंडचा पहिला डाव १८६ धांवांत संपला. प्रसन्ना यांनीं ५ गडी बाद केले. भारतानें अजित वाडेकर यांच्या १४३ धांवांच्या जोरावर ३२७ केल्या. वाडेकरांचें कसोटींतील तें एकमेव शतक. दुसऱ्या डावांत १४१ धांवांची पिछाडी भरून काढून न्यूझीलंडला सामना वांचवावयाचा होता. भरून काढतांना फलंदाजांना धांवा हव्या होत्या, आणि धांवा हव्या असलेल्या फलंदाजासमोर नाडकर्णींचा चेंडू म्हणजे बंद दार होय. मद्रासच्या दोघां इंग्रजांप्रमाणें फळीनें चेंडू दाबून दिवस काढणें येथें परवडण्यासारखें नव्हतें. त्यांना दारावर धक्का द्यावा लागला. नाडकर्णींनीं ४३ धांवांत ६ गडी बाद केले. कसोटींतील त्यांची ती सर्वोत्तम कामगिरी. न्यूझीलंड १९९ वर आटोपलें, आणि भारतानें आठ गडी राखून सामना घेतला.

मद्रासला आणि वेलिंग्टनला चेंडू एकच होता. टप्पा एकच, चाल एकच, हात तोच. एका ठिकाणीं त्यानें एकहि गडी दिला नाहीं आणि दुसऱ्या ठिकाणीं सहा दिले, ह्याचें कारण समोरच्या माणसांच्या गरजेंत होतें. रिव्हेरांचा तो एकच सरकता चेंडू जसा सामन्याच्या शेवटच्या डावांतच जड होई, तसेंच हें. राखण करणाऱ्या माणसाचा धाक तेव्हांच वाटतो, जेव्हां कोणाला कुंपण ओलांडावयाचेंच असतें.

ऑकलंडचा चौथा सामनाहि भारतानें २७२ धांवांनीं जिंकला, आणि परदेशांतील पहिली मालिका ३ विरुद्ध १ अशी पदरांत पडली. प्रसन्ना आणि बेदी यांचें नांव त्या मालिकेनें जगभर झालें, आणि तें यथायोग्यच झालें. पुढच्या दहा वर्षांचें भारतीय क्रिकेट त्यांच्याच बोटांवर उभें राहिलें. ऑकलंडचा सामना हा नाडकर्णींचा शेवटचा कसोटी सामना ठरला. एकंदर ४१ कसोटी सामन्यांत त्यांनीं ९१६५ चेंडू टाकले, २५५९ धांवा दिल्या आणि ८८ गडी बाद केले. षटकामागें दोन धांवाहि पडत नाहींत. सर्व प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांच्या गड्यांची संख्या ५०० आहे, आणि धांवा ८८८०.

निवृत्तीनंतर ते पुढच्या पिढीच्या संघाबरोबर साहाय्यक व्यवस्थापक म्हणून दौऱ्यांवर गेले. खेळपट्टीवर धरलेलें सोडूं नये, एवढाच त्यांचा खेळाडूंना उपदेश असे, असें सुनील गावसकर यांनीं सांगितलें आहे. सल्ला तोंडानें थोडा आणि उदाहरणानें अधिक द्यावा, ही जुन्या खेळाडूंची रीत होती. त्यांना तर दुसरी रीत ठाऊकच नसावी.

१७ जानेवारी २०२० रोजीं, वयाच्या शाऐंशीव्या वर्षीं, त्यांचें मुंबईंत निधन झालें. मृत्युलेखांतून पहिला मान मिळाला तो मद्रासच्या एकवीस षटकांना. वेलिंग्टनच्या सहा गड्यांचा उल्लेख, आला तेथें, बराच खालीं आला.